सटवाईची लेखणी आणि देवाची निवड

या महिन्यात दोन पत्रं एकाच विषयावर आली आहेत. आधी छोटं घेतो, कारण दुसऱ्याला जागा लागणार आहे.

प्रश्न : पाळकसाहेब, मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कुणाचं तारण व्हायचं हे देवाने जगाच्या आधीच ठरवलं असेल, तर आम्ही युवक-संघाने सुवार्ता सांगत का फिरायचं? जो यायचा तो येणारच ना?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, हाच प्रश्न इंग्लंडमधल्या बाप्टिस्ट मंडळ्यांत एकेकाळी इतका मुरला होता की काही ठिकाणी पाळक सभेतल्या सर्वांना उद्देशून ‘या, विश्वास ठेवा’ असं म्हणायलाही कचरत. निवडलेला नसेल त्याला कसं बोलवायचं, ही त्यांची अडचण. अँड्र्यू फुलर नावाच्या पाळकाने १७८५ साली पुस्तक लिहून हे चुकीचं असल्याचं दाखवलं. आमंत्रण सर्वांना द्यायची आज्ञा आहे, कुणाचं नाव कुठे आहे हे शोधायची नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. त्याचा मित्र विल्यम केरी. हा मूळचा जोडे शिवणारा. देवाची निवड केरी अगदी मनापासून मानायचा. तरीही २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगच्या एका घरात मूठभर माणसांनी मिशन संस्था काढली, १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स एवढी वर्गणी कबूल केली, आणि पुढच्या वर्षी केरी बायकामुलांसह बंगालात येऊन पोचला. पहिला बंगाली बाप्तिस्मा व्हायला १८०० सालचा डिसेंबर उजाडला. सात वर्षं! त्याच केरीने १८०५ साली आपल्या मराठीचं व्याकरण छापलं आणि १८११ साली बंगालातल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार बाहेर पडला, तोही मोडी लिपीत, पंडित वैजनाथांच्या मदतीने. देव निवडतो असं मानणाऱ्या माणसाने खपून आपल्या भाषेत शुभवर्तमान आणलं, हे ध्यानात ठेव.

आणि आपले टिळक घे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी नारायण वामन टिळकांचं बोलणं झालं. तो म्हणाला, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. पण इतक्या खात्रीने बोलणाऱ्या त्या माणसाने काय केलं? ‘होणारच आहे’ म्हणून गप्प बसला नाही. जवळचा नवा करार काढून टिळकांच्या हातात ठेवला. टिळकांनी तो वाचला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. देवाला जे करायचं असतं ते तो कुणाच्या तरी हातून करतो. तो हात तुझा असायला काय हरकत आहे?

आता दुसरं पत्र.

प्रश्न : पाळकसाहेबांना प्रभूमध्ये सलाम. मी जालना जिल्ह्यातली. वय ४३, दवाखान्यात सिस्टर आहे. माझा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात वारला. लिव्हर गेलं होतं. विशीतच त्याने देवळात येणं सोडलं, मग दारू. शेवटचे अकरा दिवस मी त्याच्याजवळ होते. महिनाभराने आमच्या बायबल-अभ्यासात रोमकरांस पत्राचा नववा अध्याय होता. शिकवणारे बंधू मोबाईलवर पुष्कळ प्रवचनं ऐकतात. ते म्हणाले, ‘जे नाश पावतात ते आधीच त्यासाठी नेमलेले असतात, त्यांच्यासाठी रडून उपयोग नाही.’ खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, ‘पाचवीच्या रात्री सटवाईनं लिहिलं ते कुणाला चुकलंय का?’ आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मग या दोन गोष्टींत फरक काय? तेव्हापासून तीन वेळा प्रभुभोजनाचं ताट माझ्यासमोरून गेलं, मी भाकर घेतली नाही. तो यादीत नव्हता तर मी आहे हे कशावरून? झोप लागत नाही.
– एक बहीण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आठ पानी पत्रातलं वर जेमतेम एक पान दिलं आहे. बाकीचं आपल्या दोघांत राहू दे. एक ओळ मात्र शेवटी काढणार आहे.

आधी आईबद्दल. त्यांना काही समजावू नका. माझी आजी बायबल-बाई होती. खांद्याला झोळी, झोळीत नवा करार, उन्हातान्हात नेवासे तालुक्यातली खेडी पायी तुडवायची. माझी पाठची बहीण घटसर्पाने गेली तेव्हा हीच आजी चुलीपुढे बसून म्हणाली, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत पाचवीला पाटावरवंटा मांडायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, हे आपल्या घरांतून कधीच गेलं. बोलणं मात्र जिभेवर राहिलं. दुःख पेलवेना झालं की माणूस जुन्या शब्दांना टेकतो. आणि तुमच्या आईच्या वाक्यात लेकावर कसलाच ठपका नाही, हे पाहिलंत का? ठपका आहे तो त्या बंधूंच्या वाक्यात.

तुम्ही विचारता, फरक काय. त्या बंधूंनी ज्या रीतीने सांगितलं त्या रीतीने पाहिलं, तर काहीच फरक नाही. त्यांनी सटवाईची लेखणी काढून देवाच्या हातात दिली, एवढंच. म्हणून मला त्यांचा राग आला, आणि तो राग मी आठवडाभर जाऊ दिला, मगच लिहायला बसलो.

नववा अध्याय तुमच्यासमोर उघडा ठेवा. पहिल्या तीन ओव्या वाचा. हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो, माझ्या अंतःकरणात सतत वेदना आहेत. माझ्या देहाच्या नात्याने जे माझे बंधू, त्यांच्यासाठी मीच ख्रिस्तापासून तुटून शापित व्हावं असं मला वाटतं. ज्या अध्यायात देवाने निवडलेला याकोब आणि न निवडलेला एसाव आहेत, मातीचं हवं ते घडवणारा कुंभार आहे, तो अध्याय आपल्या माणसांसाठी रडणाऱ्या माणसाने सुरू केला आहे. ‘ते निवडलेले नव्हते’ म्हणून त्याने डोळे पुसले नाहीत. दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत तो म्हणतो, त्यांचं तारण व्हावं ही माझी देवाजवळ विनंती आहे. रडून उपयोग नाही असं नवव्या अध्यायावरून शिकवणाऱ्याने नववा अध्याय दुसऱ्याच ओवीवर सोडलेला असतो. आणि पुढे अकरावा अध्याय आहे. तिथे पौल ज्या ठिकाणी पोचतो ते असं : देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सगळ्यांवर दया करावी म्हणून. त्यापुढे त्याचा युक्तिवाद थांबतो आणि तो स्तुती करायला लागतो. हे तीन अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचा, अर्धा तास पुरतो. तुकडे पाडून वाचले की त्यातून कोयता निघतो.

आता ‘आगाऊ नेमून ठेवले’ हे शब्द. ते शास्त्रात आहेत. ते नाहीत असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर मी तुमच्याशी खोटं बोललो. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्यापासून चौदाव्या ओवीपर्यंत मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे, आणि ते सगळं उपकारस्तुतीचं वाक्य आहे. पौल त्यात यादी वाचत नाही. ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘त्याच्या ठायी’ असं पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. आणि ते कुणाला लिहिलंय? यहुदी नसलेल्या, वेशीबाहेर धरलेल्या लोकांना. तुम्ही उशिरा आलेले, उपरे नाही. देवाच्या मनात तुम्ही जगाच्या पायाभरणीआधीपासून आहात, असं त्यांना सांगायला हा शब्द वापरला आहे. आमच्या लोकांना तर हे सांगावंच लागत नाही. गावकुसाबाहेरून आलेल्या माझ्या पणजोबांना ‘निवडलेला’ हा शब्द पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं असेल? त्यांना तोवर कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. त्या शब्दाने दार उघडलं होतं. तोच शब्द घेऊन आज कुणी तुमच्या भावावर दार लोटत असेल, तर शब्द तोच राहिला, काम उलटं झालं.

सटवाई एकेकट्याच्या कपाळावर लिहिते : किती जगेल, काय भोगेल. तिला तुमच्याशी बोलायचं नसतं, तुम्ही तिला उत्तर देऊ शकत नाही. शास्त्रातला देव मात्र बोलावतो, वाट बघतो, नाकारला जातो. यरुशलेमेकडे बघून येशू म्हणतो की कोंबडी जशी पिल्लं पंखाखाली घेते तसं तुला कितीदा घ्यावं असं मला वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती. ज्याने सगळं आधीच लिहून वही मिटली आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य बसत नाही.

यावर मंडळी भांडली आहे, पुष्कळ भांडली आहे. नेदरलंड्समध्ये आर्मिनियस नावाचा धर्मपंडित म्हणत होता की कृपा सर्वांसाठी आहे आणि माणूस ती नाकारू शकतो. तो १६०९ साली वारला, पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच मुद्दे मांडले, आणि १६१८–१९ मध्ये दोर्द्रेख्त शहरात भरलेल्या धर्मसभेने ते फेटाळले. सुमारे दोनशे पाळकांना आपली जागा सोडावी लागली. पुढे इंग्लंडात वेस्ली आणि व्हाइटफील्ड या दोन जिवलग प्रचारक मित्रांत याच गोष्टीवरून फाटलं; वेस्ली आर्मिनियसच्या बाजूचा. आपल्याकडे मात्र २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी झाली तेव्हा देवाची निवड ठासून सांगणाऱ्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकाला मानणाऱ्या प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे लोक आणि वेस्लीच्या परंपरेचे लोक एकाच मेजाशी आले. मी अडतीस वर्षं प्रभुभोजन दिलं. ताट पुढे करताना समोरचा कॅल्व्हिनचा की वेस्लीचा, हे मला कधी विचारावं लागलं नाही.

त्या बंधूंना कॅल्व्हिन प्रिय असेल, तर एक गोष्ट त्यांना प्रेमाने दाखवा. कॅल्व्हिनच्या मोठ्या ग्रंथाच्या १५५९ सालच्या शेवटच्या आवृत्तीत निवडीचा विषय सुरुवातीला नाही. तो तिसऱ्या भागात आहे, विश्वासावरच्या प्रकरणांनंतर, प्रार्थनेवरच्या लांब प्रकरणाच्या लगेच पाठीमागे. आधी प्रार्थना कर, मग हा विषय हातात घे. देवाच्या गुप्त सल्ल्यात डोकावू नका, भूलभुलैयात अडकाल, असंही तो बजावतो. आणि आपली निवड बघायची तर ख्रिस्ताच्या आरशात बघा, असं सांगतो. देवाने काहींना नाशासाठीही नेमलं, असं तो पुढे म्हणतो आणि तो निर्णय भयंकर आहे हे स्वतःच कबूल करतो. इथे मी त्याच्याबरोबर जात नाही. माझ्या वाचनात शास्त्र जिवंत माणसाविषयी किंवा मेलेल्याविषयी असा निकाल आपल्या हातात कुठेच देत नाही. ‘सर्व माणसांचे तारण व्हावे’ ही देवाची इच्छा आहे असं तीमथ्याच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे, आणि ‘सर्व’ या शब्दाला कात्री लावायचा मला अधिकार नाही.

बोलावलेले पुष्कळ, निवडलेले थोडे – हे वाक्यही तुमच्या गटात आलं, असं तुम्ही लिहिता. ते कुठल्या गोष्टीच्या शेवटी आहे? लग्नाच्या. जालन्याकडे तुम्ही म्हणताच की चूलबंद आवतण. म्हणजे घरातल्या एकालाच बोलावलेलं नाही, आज त्या घरात चूलच पेटवायची नाही, म्हातारं-कोतारं, लेकरंबाळं सगळ्यांनी जेवायला यायचं. राजाचं आवतण तसं आहे. ज्यांना मानाने बोलावलं ते आले नाहीत, कुणी शेताकडे गेला, कुणी धंद्याकडे. मग चाकरांना सांगितलं, रस्त्यावर जा, दिसेल त्याला आणा. आणि त्यांनी बरे-वाईट सगळे आणले, असं तिथे लिहिलंय. बाहेर कोण राहिलं? ज्यांनी नको म्हटलं ते, आणि आत येऊनही लग्नाचा पोशाख न घातलेला तो एक. यादीत नाव नाही म्हणून मांडवाच्या दारातून परत पाठवलेला एकही माणूस त्या गोष्टीत नाही.

यादीवरून आठवलं. १९७९ साली मी नुकता सेवेत आलो होतो, चोवीस वर्षांचा. एका खेड्यात जुनं बाप्तिस्म्याचं रजिस्टर वाळवीने खायला घेतलं होतं, ते नव्या वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. लाल कापडी पुठ्ठा, पानं बिस्किटासारखी मोडायची. देवळाच्या ओट्यावर बसून मी उतरवत होतो. एका पानावर एक नाव निळ्या-काळ्या शाईने आडवं खोडलेलं. समासात लिहिलेलं : ‘मंडळी सोडली.’ खाली सही, तारीख. त्याच ओळीच्या खाली, जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात, दुसऱ्या हाताने तेच नाव पुन्हा लिहिलेलं : ‘परत आला. प्रभुभोजन घेतले.’ दोन तारखांमध्ये एकोणीस वर्षं होती. मधल्या एकोणीस वर्षांचं त्या पानावर काहीच नव्हतं. पहिल्या पाळकाला ते नाव खोडताना शंका आली नसणार, त्याने रेघ पट्टीने मारली होती. मी नव्या वहीत दोन्ही नोंदी उतरवल्या. रेघसुद्धा.

तुमच्या भावाच्या पानावर दुसरी नोंद मला दाखवता येणार नाही. अकरा दिवसांत त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय झालं ते मी बघितलेलं नाही, त्या बंधूंनीही नाही. तो तरला, असं मी तुम्हाला छातीठोकपणे लिहून पाठवलं तर तीही आगाऊ निकाल देण्याचीच चूक होईल. पण वधस्तंभावरचा चोर आयुष्याच्या किती शेवटच्या तासाला बोलला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि ज्याच्या हाती निकाल आहे तो त्याच वेळी शेजारच्या खांबावर होता.

आता तुमची स्वतःची भीती. एकदा येशूला वाटेत कुणीतरी विचारलं होतं, तारण होणारे थोडेच आहेत काय? तुमच्या गटातला प्रश्न. येशूने आकडा सांगितला नाही. तो विचारणाऱ्याकडे वळला आणि म्हणाला, अरुंद दरवाजाने आत यायचा नेटाने यत्न करा. दरवाजा अरुंद आहे, पण ते सांगताना तो उघडाच आहे. ‘जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवणारच नाही’, हे योहानाच्या सहाव्या अध्यायातलं. त्याच ओवीच्या पहिल्या अर्ध्यात पित्याने दिलेल्यांविषयी आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात येणाऱ्याविषयी. आपल्या वाट्याला दुसरा अर्धा आहे. तुम्ही येताय का, एवढंच बघा.

आणि मनाला जे वाटतं त्याला निकाल समजू नका. विल्यम कूपर नावाचा इंग्रज कवी होता. ऑल्नी गावी जॉन न्यूटन या पाळकाच्या शेजारी राहून त्याने गीतं लिहिली, १७७९ साली ती पुस्तकात आली, आजही जगभर गातात. त्याला १७७३ साली एक स्वप्न पडलं आणि देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे अशी त्याची खात्री झाली. त्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला, त्याच खात्रीत. त्याची गीतं गाऊन लोकांना धीर मिळत होता, आणि तो स्वतः देवळात जात नव्हता. आज आपण त्याला मनाचा आजार म्हणू. त्या काळी त्यावर औषध नव्हतं, आज आहे. तुम्ही सिस्टर आहात, चार महिने झोप नाही हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला कुठे पाठवलं असतं? तिथे जा. प्रार्थना कराच, पण या आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

प्रभुभोजनाचं ताट पुढच्या वेळी आलं की भाकर घ्या. आपण लायक आहोत का, निवडलेले आहोत का, हे तपासून संपल्यावर घ्यायची ती भाकर नाही. हात पुढे करायचा आणि घ्यायची. मन भरून येईल, येऊ द्या. आईला शेजारी बसवा.

आणि ती ओळ. सहाव्या पानाच्या समासात तुम्ही काहीतरी लिहून पेनाने खोडलं आहे. उजेडात धरलं की वाचता येतं : ‘पाचव्या रात्री म्हणाला, अक्का, आई दिवेलागणीला म्हणायची ते म्हण. मी म्हटलं. तोही ओठ हलवत होता.’

ताई, ही ओळ खोडायला तुम्हाला कुणी सांगितलं? यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण पुढच्या पत्रात ती पुन्हा लिहून पाठवा. समासात नको, ओळीत लिहा.